इंटरफेरॉन विषाणूला मारत नाही, मग करतं काय?

परवा रविवारी इथे बडोद्यात दांडिया बाजारात काकूंकडे गेले होते. माळा आवरायला काढलेला आणि त्यात काकांची जुनी फाईल सापडली, २०१२ सालची, हिपॅटायटिस सी चे रिपोर्ट, इंजेक्शनांची बिलं, सगळं रबर लावून नीट ठेवलेलं. काकू एक बिल हातात धरून म्हणाल्या, "अगं, तू लॅबमध्ये हेच करतेस ना? मग सांग, हे इंटरफेरॉन म्हणजे जंतू मारायचं औषधच ना? चोवीस आठवडे कशाला लागले मग? मारायचं तर एकदाच मारून टाकायचं की." मी तिथेच जुन्या ट्रंकेवर बसून सांगायला लागले आणि तास कसा गेला कळलं नाही, मधे चहा दोनदा झाला. घरी आल्यावर वाटलं हे लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय आणि दर वेळी मी तुकड्यातुकड्यात उत्तर दिलंय.

तर पहिली गोष्ट, इंटरफेरॉन विषाणूला मारत नाही. त्याला हातसुद्धा लावत नाही. एका नळीत विषाणू घ्या, त्यात शुद्ध इंटरफेरॉन घाला, रात्रभर ठेवा, सकाळी विषाणू जसेच्या तसे असतात. इंटरफेरॉन हे पेशींनीच सोडलेलं एक प्रोटीन, आणि ते बोलतं ते आपल्या पेशींशी. आणि जे बोलतं त्यामुळे कधी इन्फेक्शन संपतं, आणि कधी, हे लोकांना माहीत नसतं, इन्फेक्शन संपतही नाही आणि पेशी मरतही नाहीत, दोघं महिनोन् महिने एकाच बाटलीत राहतात. ही दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

माझं काम सेल कल्चरचं. म्हणजे प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर, प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या. वर गुलाबी मीडियम, त्यात साखर, अमिनो ॲसिड, वासराच्या रक्तातलं सीरम, ३७ डिग्रीचं इनक्युबेटर. पेशी तळाला चिकटतात, वाढून वाढून सगळा तळ भरून टाकतात, मग त्यांना ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने सोडवायचं आणि त्यातला थोडा भाग नव्या फ्लास्कमध्ये घालायचा. विरजणासारखंच आहे हे. कालच्या दह्यातलं चमचाभर आज, आजच्यातलं उद्या. आम्ही त्याला पॅसेज म्हणतो. आणि विरजणासारखीच एक गोष्ट इथेही खरी, की चमच्यात जे असेल ते सगळं पुढे जातं, चांगलं तेही आणि नको ते पण.

२०२४ चा ऑगस्ट बडोद्यात कोणी विसरणार नाही. जन्माष्टमीच्या दिवसांत विश्वामित्री नदी चढली आणि निम्मं शहर पाण्यात, मगरी सोसायट्यांमध्ये, आमच्याकडे खालच्या मजल्यावर पाणी. लॅब वर होती, जनरेटर चालू होता, पण पोचायची सोय नव्हती. त्याच्या आदल्या शनिवारी मी दोन फ्लास्क इन्फेक्ट करून ठेवले होते. एकात व्हेरो पेशी, त्या माकडाच्या किडनीच्या. दुसऱ्यात एल-९२९, त्या उंदराच्या. विषाणू दोन्हीत एकच, राणीखेतचा. राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा तोच रोग, जगात त्याला न्यूकॅसल डिसीज म्हणतात आणि आपल्याकडे कुमाऊंमधल्या गावावरून नाव पडलं. माणसाला त्याने फार तर डोळे येतात. सोमवारी बघायचे होते ते फ्लास्क नवव्या दिवशी बघितले.

व्हेरोचा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली लावला, तळ रिकामा. पेशी गोल होऊन, सुटून, चुरा होऊन वर तरंगतायत. अपेक्षा हीच होती. मग एल-९२९ चा उचलला आणि उचलतानाच काहीतरी वेगळं दिसलं, मीडियम पिवळट झालं होतं. मेलेल्या फ्लास्कचं मीडियम गुलाबीच राहिलेलं आणि ह्याचं पिवळं. मीडियममध्ये एक रंग असतो जो ॲसिड वाढलं की पिवळा होतो, आणि ॲसिड तयार करतात जिवंत, खाणाऱ्या पेशी. खाली बघितलं तर मधे मधे भोकं होती, काही गोल झालेल्या पेशी होत्या, पण भोकांच्या कडेला चांगल्या लांबट, चिकटलेल्या पेशींची बेटं. ती भोकं भरून काढत होती. मला वाटलं विषाणू संपला असेल. मीडियमचा थेंब नव्या व्हेरो पेशींवर घातला, तीन दिवसांत त्या मेल्या. म्हणजे विषाणू होताच, भरपूर होता, आणि पेशी पण होत्या.

फ्लास्क फेकणार होते, आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या नको, चालू ठेव. मग तो कल्चर मी पुढे साडेतीन महिने पॅसेज करत राहिले. ह्यालाच पर्सिस्टंट इन्फेक्शन म्हणतात, मराठीत चिवट संसर्ग म्हणू या.

आता हे होतं कसं, ते सांगायला जरा मागे जावं लागतं. डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होतं की एका विषाणूने आधी इन्फेक्ट झालेल्या पेशीत दुसरा विषाणू नीट वाढत नाही. त्याला इंटरफेरन्स म्हणायचे, अडथळा. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान ह्या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यांना उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू लावला आणि मग आजूबाजूचं पाणी काढून घेऊन ते ताज्या तुकड्यांवर घातलं. ताज्या तुकड्यांवर खरा, जिवंत फ्लू वाढेना. म्हणजे अडथळा करणारी वस्तू विषाणू नव्हतीच, पेशीने सोडलेलं काहीतरी त्या पाण्यात होतं. त्याचं नाव इंटरफेरॉन. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा ह्यांनी १९५४ मध्येच सशाच्या त्वचेवर अशीच गोष्ट पकडली होती, पण त्यांचं नाव बाहेर फारसं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

पेशीला कळतं कसं की आत चोर आलाय? आपली स्वतःची आरएनए, म्हणजे जीनचा निरोप नेणारी साखळी, पेशी टोपी घालून बाहेर काढते, टोकाला एक खास रासायनिक टोपी असते. राणीखेतसारख्या विषाणूची आरएनए कॉपी होताना काही तुकडे बिनटोपीचे, टोकाला तीन फॉस्फेट उघडे ठेवलेले असतात. पेशीत रिग-आय नावाचं प्रोटीन नेमकं हेच तपासत फिरतं. सापडलं की निरोप मायटोकॉन्ड्रियावरच्या मॅव्ह्ज नावाच्या प्रोटीनकडे, तिथून पुढे न्यूक्लियसमध्ये, आणि इंटरफेरॉन बीटाचा जीन सुरू. मग इंटरफेरॉन बाहेर सोडलं जातं.

इथे काकूंना मी त्यांच्या पोळचं, म्हणजे गल्लीतल्या वस्तीचं, उदाहरण दिलं. शेवटच्या घरात चोर शिरला आणि त्या घरातली बाई ओरडली. तिचं घर वाचेलच असं नाही, बहुतेक नाहीच वाचणार. पण तिच्या ओरडण्याने बाकीची घरं जागी होतात, काठ्या हाताशी घेतात. इंटरफेरॉन म्हणजे ती हाक. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर हाक ऐकायचा रिसेप्टर असतो, त्याच्याकडून स्टॅट-१ आणि स्टॅट-२ नावाची प्रोटीनं आत निरोप नेतात आणि काहीशे जीन एका दमात चालू होतात. त्यातलं पीकेआर हे प्रोटीन पेशीचं प्रोटीन बनवायचं यंत्र बंद पाडतं, म्हणजे विषाणूचीही प्रोटीनं बनत नाहीत. दुसरं एक जोडपं, ओएएस आणि आरएनेझ-एल, आरएनए कापून टाकतं, विषाणूची आणि स्वतःची पण. एमएक्स नावाचं प्रोटीन फ्लूसारख्यांना अडकवतं.

एक बारीक गोष्ट इथे महत्त्वाची आहे आणि बऱ्याच लेखांमध्ये ती सुटते. पीकेआर आणि ओएएस हाक ऐकून तयार होतात पण लगेच काम सुरू करत नाहीत. ते झोपलेले असतात आणि विषाणूची दुहेरी आरएनए खरंच आत आली की जागे होतात. म्हणजे शेजाऱ्यांनी काठी हाताशी ठेवलीय, घर मोडलेलं नाही. म्हणूनच ही पेशी जगू शकते, खाऊ शकते, जरा हळू का होईना वाढू शकते. पण काठी धरून कोणी आयुष्यभर जागं राहत नाही. हाक थांबली की काही दिवसांत ही तयारी उतरते, पेशी पुन्हा पहिल्यासारखी होते, आणि तेव्हा विषाणू समोर असेल तर ती सापडते.

आता माझ्या फ्लास्ककडे या. टी-२५ फ्लास्क, वीस-तीस लाख पेशी. सुरुवातीला विषाणू थोड्याच पेशींत शिरला. त्या पेशींनी, म्हणजे त्यांच्यातल्या काहींनी, कारण इन्फेक्ट झालेली प्रत्येक पेशी इंटरफेरॉन बनवत नाही, काहीच बनवतात आणि त्या बनवतात ते सगळ्यांना पुरतं, तर त्या काहींनी हाक दिली. जवळच्या पेशी तयार झाल्या. विषाणू पसरायचा वेग मंदावला. इन्फेक्ट झालेल्या पेशी मेल्या, त्यांच्या जागी वाचलेल्यांनी वाढून भोकं भरली. इथपर्यंत सगळं ठीक, पण पुढचं बघा. विषाणू कमी झाला म्हणजे हाक देणारे कमी झाले, म्हणजे इंटरफेरॉन कमी, म्हणजे काही पेशींची तयारी उतरली, म्हणजे मीडियममध्ये उरलेल्या विषाणूला पुन्हा घर मिळालं, त्या घरातून पुन्हा हाक. असं वर-खाली, वर-खाली. मला हे फ्लास्कमध्ये दिसायचं. पॅसेज केला की जुनं मीडियम जातं, त्याच्याबरोबर साठलेलं इंटरफेरॉनही जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास भोकं पडायची. दोन-तीनदा तर इतकी पडली की मला वाटलं आता गेला कल्चर, आणि आठवड्याने परत भरून यायचा. आम्ही त्याला क्रायसिस म्हणतो.

मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे आहे. इंटरफेरॉन नसतं तर विषाणूने नऊ दिवसांत सगळ्या पेशी संपवल्या असत्या आणि मग त्याला स्वतःला राहायला जागा उरली नसती, व्हेरोच्या फ्लास्कमध्ये झालं तसं. इंटरफेरॉन होतं म्हणून पेशी वाचल्या, आणि पेशी वाचल्या म्हणूनच विषाणूला साडेतीन महिने घर मिळत राहिलं. जी गोष्ट पेशींना वाचवते तीच इन्फेक्शनही टिकवून धरते. ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते. तोपर्यंत मी इंटरफेरॉनला एका बाजूचा शिपाई समजत होते.

हे शोधणारी मी पहिली अर्थातच नाही. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेर्ट्रूड हेनले ह्या नवरा-बायकोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८-५९ मध्ये माणसाच्या पेशींच्या एका लाईनमध्ये, म्हणजे कल्चरमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशात, हाच राणीखेतचा विषाणू महिनोन् महिने टिकवला होता. त्यांनी बघितलं की ह्या कल्चरवर दुसरा, एरवी हमखास मारणारा व्हीएसव्ही नावाचा विषाणू घातला तरी पेशी मरत नाहीत. आणि त्यांनीच दाखवलं की त्या पेशी इंटरफेरॉन बनवतायत. म्हणजे इंटरफेरॉनचा शोध लागून दोन वर्षं झाली नाहीत तोवर ते चिवट संसर्गाच्या मागे सापडलं होतं.

पण फ्लास्कमध्ये इंटरफेरॉन आहे एवढ्याने ते टिकवून धरतंय हे सिद्ध होत नाही, नुसतं हजर असणं वेगळं. म्हणून तपासायच्या काही जुन्या, साध्या आणि मला फार आवडणाऱ्या रीती आहेत. पहिली, आम्ही केलेली. कल्चरचं मीडियम घेतलं, ॲसिड घालून पीएच २ वर आणलं आणि काही दिवस फ्रीजमध्ये ठेवलं. राणीखेतचा विषाणू ह्यात मरतो, इंटरफेरॉन अल्फा-बीटा ॲसिडला दाद देत नाही. मग पीएच परत ७ वर आणून हे मीडियम ताज्या एल-९२९ वर एक रात्र ठेवलं, दुसऱ्या दिवशी विषाणू घातला. पेशी वाचल्या. तेच मीडियम व्हेरोवर ठेवून विषाणू घातला, पेशी मेल्या, कारण उंदराचं इंटरफेरॉन माकडाच्या पेशीला जवळपास ऐकूच येत नाही. ही प्रजातीची अट जुळली की वस्तू इंटरफेरॉनच आहे ह्याची बरीच खात्री पटते. मल्टिवेल प्लेट जांभळ्या रंगाने रंगवली, वाचलेल्या पेशींच्या विहिरी गडद जांभळ्या आणि मेलेल्यांच्या पांढऱ्या, आणि मीडियम जसजसं पातळ करत गेलो तसतशा एका ओळीत जांभळ्याच्या पांढऱ्या होत गेल्या. ती प्लेट मी अजून ठेवलीय.

दुसरी रीत, विषाणूविरुद्धचं अँटीसीरम, म्हणजे त्याला पकडणाऱ्या अँटीबॉडी असलेलं सीरम, मीडियममध्ये घालत राहायचं. पेशीबाहेर आलेला विषाणू अँटीबॉडीला अडकतो, शेजारी पोचत नाही. कल्चर जर अशा शेजार-शेजार उड्यांवर टिकला असेल तर काही पॅसेजमध्ये तो स्वच्छ होतो. ह्या प्रकाराला कॅरियर कल्चर म्हणतात, ह्यात कुठल्याही क्षणी बघाल तर थोड्याच पेशी इन्फेक्टेड सापडतात. तिसरी रीत मोठी धाडसाची, इंटरफेरॉनविरुद्धची अँटीबॉडी घालायची, म्हणजे पोळमधल्या सगळ्यांच्या कानात बोळे. मॅडमनी तिची छोटीशी व्हायल मागवली, महागडी असते, आम्ही एकाच फ्लास्कला घातली आणि बाजूच्याला साधं सीरम. पाचव्या दिवशी पहिल्या फ्लास्कचा तळ उघडा पडला. तीन महिने तग धरलेला कल्चर पाच दिवसांत गेला. बाजूचा तसाच, भोकं पडणारा आणि भरणारा, चालू.

मग विषाणूचं काय, तो एवढे दिवस गप्प बसतो का? नाही. पिट्सबर्गचे ज्युलियस यंगनर, जे आधी साल्कच्या पोलिओ लसीच्या टीममध्ये होते, त्यांनी आणि प्रेबल ह्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बरोब्बर हीच जोडी, एल पेशी आणि राणीखेत, घेऊन दाखवलं की अशा कल्चरमधून काही काळाने निघणारा विषाणू मूळचा राहत नाही, तो तापमानाला नाजूक झालेला असतो, जास्त उष्णतेत वाढत नाही, आणि मऊ झालेला असतो. ह्याला कारण सरळ आहे, जो विषाणू सगळ्या पेशी झटक्यात मारतो त्याचा वंश त्या फ्लास्कमध्ये पुढच्या पॅसेजपर्यंत पोचतच नाही, मऊ असतात तेच चमच्यातून पुढे जातात. म्हणजे इंटरफेरॉनने वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात विषाणू बदलला. दोन्ही मिळून कल्चर टिकतो.

आता कोणी म्हणेल की मग प्रत्येक चिवट संसर्गामागे इंटरफेरॉनच असणार. तसं नाही, आणि ह्यासाठी व्हेरो पेशी उत्तम साक्षीदार आहेत. व्हेरो १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा ह्यांनी बनवल्या, नाव एस्पेरांतो भाषेतल्या हिरवी किडनी ह्या शब्दांवरून, कारण माकड हिरव्या जातीचं. रेबीजची, पोलिओची लस ज्यांच्यावर वाढवतात त्या ह्याच. ह्या पेशी विषाणूंना इतक्या सहज घर देतात कारण त्यांना हाक मारताच येत नाही. १९६८ मध्येच ते दिसलं होतं, आणि २०१४ मध्ये त्यांचा जीनोम वाचला तेव्हा बारा नंबरच्या क्रोमोझोममधला जवळपास नव्वद लाख अक्षरांचा तुकडाच गायब निघाला, त्यात इंटरफेरॉनचे जीन. ऐकू येतं, बाहेरून दिलेलं इंटरफेरॉन त्यांना लागू पडतं, पण स्वतः ओरडता येत नाही. तरीही व्हेरोमध्ये काही विषाणूंचे चिवट कल्चर तयार करता येतात. तिथे काम करतात ते अर्धवट विषाणू. कॉपी करताना विषाणूच्या जीनोमचा मोठा भाग गळतो, असे अपंग कण स्वतः वाढू शकत नाहीत पण पूर्ण विषाणूची यंत्रणा वापरून त्याचंच उत्पादन खाली आणतात. फ्लूमध्ये फॉन माग्नुस ह्यांनी ते खूप आधी बघितले होते, १९७० मध्ये ॲलिस ह्वांग आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी त्यांना डिफेक्टिव्ह इंटरफिअरिंग म्हणजे डीआय पार्टिकल हे नाव दिलं.

ह्याहून वेगळा प्रकार म्हणजे ज्यात सगळ्या पेशी इन्फेक्टेड असतात आणि कोणीच मरत नाही. तिथे अँटीसीरम घालून उपयोग नसतो, कारण पेशी दुभंगली की विषाणू आतल्या आतच दोघींकडे जातो. पॅराइन्फ्लुएन्झा ५ नावाचा विषाणू माकडाच्या किडनीच्या पेशींमध्ये असाच शांत बसलेला सापडला होता. त्याचं व्ही नावाचं प्रोटीन स्टॅट-१ ला पकडून पेशीच्या कचरा-यंत्रात टाकतं, म्हणजे हाक येते पण आत निरोप पोचत नाही. १९९९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूजमधल्या रँडल ह्यांच्या गटाने हे दाखवलं. राणीखेतच्या विषाणूकडेही असं व्ही प्रोटीन आहे पण ते कोंबडीच्या पेशीत चांगलं चालतं, सस्तन प्राण्यांच्यात नाही, माझ्या उंदराच्या पेशी वाचण्यामागे हेही एक कारण.

गुरांवाल्यांनी पुढचं नक्की वाचावं, आपल्या गुजरातेत घरोघरी दूधवाले आहेत. गायीगुरांमध्ये बीव्हीडी नावाचा विषाणू असतो, त्याचे दोन प्रकार, एक कल्चरमध्ये पेशी मारणारा आणि एक न मारणारा. मारणारा इंटरफेरॉन चेतवतो, न मारणारा चेतवतच नाही, त्याचं एन-प्रो नावाचं प्रोटीन इंटरफेरॉनचा जीन चालू करणाऱ्या आयआरएफ-३ लाच संपवतं. न मारणारा गाभण गायीला पहिल्या तीन-चार महिन्यांत झाला तर वासराचं शरीर त्याला आपलाच समजतं आणि ते वासरू जन्मभर विषाणू सांडत फिरतं. आणि अशा वासरांचं रक्त सीरममध्ये गेलं की तेच सीरम आमच्या फ्लास्कमध्ये येतं. पेशी मरत नाहीत, काही दिसत नाही, आणि वर्षभराचं काम खराब होतं. म्हणून सीरमच्या प्रत्येक लॉटची बीव्हीडी टेस्ट मागा, हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

डासांच्या पेशींचं उदाहरण तर आपल्या पुण्याचं. १९६७ मध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग ह्यांनी एडिस आल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींची लाईन बनवली, त्यातूनच पुढे १९७८ मध्ये जपानच्या इगाराशींनी सी-६/३६ हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला वंश, निवडला, जो आज जगभर डेंग्यू वाढवायला वापरतात. डासाकडे इंटरफेरॉन नसतंच. तरी डेंग्यू, चिकनगुनिया त्याच्या पेशींत न मारता राहू शकतात. डासाचा स्वतःचा बचाव आरएनए कापणारा, वेगळ्याच धर्तीचा. आणि गंमत म्हणजे सी-६/३६ मध्ये तोही मोडलेला आहे, म्हणूनच विषाणू तिथे इतका भरभरून येतो. म्हणजे चिवट संसर्गाला हाक हवीच असं नाही, समतोल हवा, तो कुठल्या वाटेने आला हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. हिपॅटायटिस सी चा विषाणू यकृताच्या पेशींना पटकन मारत नाही, तो आत बसून मॅव्ह्जलाच कात्रीने कापतो, एनएस३-४ए नावाची ती कात्री, २००५ मध्ये पकडली गेली. म्हणजे ज्या घरात चोर आहे त्या घराचा आवाजच बंद. म्हणून डॉक्टर हाक बाहेरून देतात, इंजेक्शनने. रिसेप्टर अजून शाबूत असतो, निरोप आत जातो, विषाणूचं कॉपी होणं मंदावतं. पण आधीच तयार झालेली आरएनए आणि आधीच इन्फेक्ट झालेल्या पेशी तशाच असतात, त्या आपल्या गतीने झिजून, मरून, बदलून जाव्या लागतात. १९९८ मध्ये पेशंटांच्या रक्तातले आकडे मोजून गणित मांडलं गेलं की शरीरात रोज लाख कोटीच्या घरात नवे विषाणू बनतात. इंटरफेरॉन दिलं की पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातला आकडा झपाट्याने पडतो आणि मग तो फार सावकाश उतरतो. तो सावकाश उतार म्हणजे इन्फेक्टेड पेशी एकेक करून जाणं. मधेच थांबलात तर उरलेल्या मूठभर पेशींतून पुन्हा सुरू, माझ्या फ्लास्कमधल्या क्रायसिससारखं. चोवीस आठवडे त्यासाठी, काकू.

ह्याच रोगाने कल्चरवाल्यांना एक सुंदर गोष्ट दिली. १९९९ मध्ये जर्मनीत बार्टेनश्लागर ह्यांच्या लॅबने ह्या विषाणूचा स्वतःची कॉपी करत राहणारा आरएनए तुकडा यकृताच्या कॅन्सरच्या ह्यू-७ पेशींत टिकवला. २००२ मध्ये न्यूयॉर्कला चार्ल्स राइस ह्यांच्या लॅबने अशा पेशींना इंटरफेरॉन देऊन तो तुकडा पूर्ण धुऊन काढला, पेशी बऱ्या केल्या. आणि त्या बऱ्या झालेल्या पेशींमधल्या एका क्लोनमध्ये, ह्यू-७.५ मध्ये, तोच तुकडा पुन्हा घातला तर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला वाढायला लागला. नंतर कळलं की त्या क्लोनमध्ये रिग-आय मधेच एका अक्षराची चूक आहे, ओरडायचा पहिला टप्पाच बंद. ह्याच पेशींवर पुढे पूर्ण विषाणू वाढवता आला, नवी औषधं तपासता आली. राइस ह्यांना २०२० चं नोबेल आल्टर आणि हाउटन ह्यांच्याबरोबर मिळालं.

फ्लास्क मात्र सगळं सांगत नाही. त्यात प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नसतात, यकृत नसतं, ताप नसतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांमध्ये एलसीएमव्ही नावाच्या चिवट विषाणूवर दाखवलं की इंटरफेरॉनचा रिसेप्टर अँटीबॉडीने बंद केला तर विषाणू शेवटी लवकर जातो, कारण महिनोन् महिने चाललेली हाक प्रतिकारशक्तीलाच दमवत होती. माझ्या फ्लास्कमध्ये कान बंद केले तेव्हा पेशी पाच दिवसांत मेल्या, आणि उंदराला त्यानेच मदत झाली. दोन्ही खरं आहे. कोणी ह्यातलं एकच ऐकून इंटरफेरॉन चांगलं की वाईट असं विचारलं तर मी आता उत्तर देत नाही, आधी विचारते कुठल्या पेशीत, कुठला विषाणू, कितव्या दिवशी.

काका बरे झाले, त्यांच्या रक्तात नंतर विषाणू सापडला नाही. पण ते सहा महिने वाईट गेले होते, दर इंजेक्शननंतर रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी, चिडचिड, गप्प गप्प राहणं. फ्लू झाला की अंग दुखतं तेही बरंचसं ह्याच हाकेमुळे. २०१५ पासून आपल्याकडे सोफोसबुव्हिरच्या स्वस्त गोळ्या आल्या, विषाणूच्या कॉपी-यंत्रालाच अडवणाऱ्या, आता कोणाला ती इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत. काकूंना हे माहीत नव्हतं. त्यांनी बिल परत फाईलमध्ये ठेवलं, रबर लावलं आणि विचारलं, "आणि तुझा तो पुरातला फ्लास्क? अजून आहे?"

आहे. डिसेंबरात पॅसेज एकोणीसला थांबवला, तीन व्हायल्स भरल्या, लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवल्यात. झाकणावर हिरव्या मार्करने लिहिलंय, एल-९२९, राणीखेत, जिवंत.